खतावणीतून विधानसभेत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लेखरूपात)



पहिल्या दिवशी संतवाङ्मय, दुसऱ्या दिवशी नाट्यसंगीत आणि आज तिसऱ्या दिवशी राज्याचा जमाखर्च, असा या व्याख्यानमालेचा क्रम कार्यकारिणीने लावला आहे. भरल्या पंगतीत श्रीखंडानंतर कारल्याची भाजी वाढावी, तसा हा प्रकार आहे खरा. परंतु कारले पथ्यकारक असते, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकत आलो आहोत. तेवढ्या भरवशावर आम्ही बोलावयास उभे आहोत.

आमचा विषय असा : वित्तव्यवसायात हयातीचा उमेदीचा काळ घालविलेला मनुष्य राज्याच्या राजकारणात उतरतो, तेव्हा तो बरोबर काय घेऊन येतो, काय मागे ठेवतो, आणि त्याच्या येण्याने राज्याचा काही लाभ होतो काय? हा विषय निवडण्याचे कारण या सभागृहातच बसलेले आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांत बँका, विमा कंपन्या आणि कारखान्यांच्या हिशेबखात्यांत काम करणारे पुष्कळ आहेत. विटे-खानापूर-आटपाडीकडून पिढ्यान्‌पिढ्या तामिळनाडूत येऊन स्थिरावलेले गलाई व्यावसायिक आहेत. त्यांच्याइतका रतीमाशाचा हिशेब कोणत्या सनदी लेखापालास येतो? म्हणजे आकड्यांशी आपले सख्य जुने आहे. राजकारणाशी मात्र आपण चार हात अंतर राखून असतो. या दोहोंमधील वाट एका मनुष्याने आपल्या डोळ्यांदेखत चोखाळली, आणि तीही याच राज्यात. तो मनुष्य म्हणजे तामिळनाडूचे माजी अर्थमंत्री श्री. पळनिवेल त्यागराजन. त्यांची आरती ओवाळणे किंवा त्यांच्या पक्षाचा प्रचार करणे हा आमचा हेतू नाही. मंडळाच्या व्यासपीठास ते शोभणारही नाही. एक उदाहरण म्हणून आपण त्यांच्याकडे पाहणार आहोत.

प्रथम हकीकत सांगतो. त्यागराजन यांचे घराणे मदुराईकडचे आणि राजकारणातले. आजोबा पी. टी. राजन हे जस्टिस पक्षाचे नेते. १९३६ साली काही महिने ते मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान होते. वडील पी. टी. आर. पळनिवेल राजन १९९६ ते २००१ या काळात तामिळनाडू विधानसभेचे अध्यक्ष होते आणि २००६ साली मंत्रिपदाची शपथ घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. अशा घरातील मुलाने खरे तर विद्यार्थिदशेतच पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यावयाचा. हा मुलगा तिरुचिरापल्लीच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक अभियांत्रिकी शिकला, पुढे अमेरिकेत बफेलो येथे डॉक्टरेट मिळविली आणि २००१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून व्यवस्थापनाची पदवी घेतली. त्यानंतर न्यूयॉर्कला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेत नोकरी. सप्टेंबर २००८ मध्ये ती बँक दिवाळ्यात गेली आणि तिच्याबरोबर जगाचा अर्थव्यवहार हादरला, हे आपणांस आठवत असेल. त्याच वर्षी त्यागराजन सिंगापुरात स्टँडर्ड चार्टर्ड बँकेत आले आणि २०१४ पर्यंत तेथे वरिष्ठ पदावर राहिले.

यानंतर २०१६ साली मदुराई मध्य या मतदारसंघातून ते द्रमुक पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले. मताधिक्य होते सुमारे पावणेसहा हजार. पक्ष विरोधात बसला. पाच वर्षे त्यांनी विरोधी बाकावर काढली आणि २०१७ पासून पक्षाच्या माहिती-तंत्रज्ञान शाखेचे काम पाहिले. २०२१ साली त्याच मतदारसंघातून ते पुन्हा निवडून आले तेव्हा मताधिक्य चौतीस हजारांच्या वर गेले, आणि त्या वर्षीच्या ७ मे रोजी ते राज्याचे अर्थमंत्री झाले.

या क्रमाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. अमेरिकेत बेन कॅपिटल या वित्तसंस्थेचे एक संस्थापक मिट रॉम्नी २००३ साली एकदम मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. गोल्डमन सॅक्स या बँकेचे माजी प्रमुख जॉन कॉर्झाइन २००६ साली न्यूजर्सीचे गव्हर्नर झाले. तेथे लोक राज्याचा कारभारी थेट निवडतात. म्हणून कंपनीच्या शिखरावरून राज्याच्या शिखरावर उडी घेता येते. आपल्याकडील संसदीय पद्धतीत तशी सोय नाही. एखाद्यास आधी मंत्री केले, तरी सहा महिन्यांत त्याला विधिमंडळाचे सभासदत्व मिळवावे लागते. म्हणजे मदुराईच्या गल्लीतील गटाराची तक्रार ऐकल्यावाचून राज्याच्या तिजोरीची किल्ली हाती येत नाही. आम्हांस ही अडचण वाटत नाही. हे शिक्षण आहे. कोट्यवधींचे आकडे हाताळणाऱ्याला एका नळाचे, एका शिधापत्रिकेचे मोल कळावयास पाच वर्षे लागली, तर ती फुकट गेली असे म्हणता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वित्तव्यवसायातून आलेल्या मंत्र्याने प्रथम काय केले? त्याने वह्या उघडून लोकांपुढे ठेवल्या. ९ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. अशी पत्रिका तामिळनाडूत त्यापूर्वी २००१ साली निघाली होती. म्हणजे वीस वर्षांचा खंड पडला होता. २०२०-२१ या सालची महसुली तूट ६१,३२० कोटी रुपये; एकूण कर्ज सुमारे ५ लाख ७० हजार कोटी; आणि हे कर्ज कुटुंबावारी वाटले तर प्रत्येक कुटुंबाच्या माथी २ लाख ६३ हजार ९७६ रुपये, असे ती पत्रिका सांगत होती. २००६ ते २०१३ या काळात बहुतेक वर्षी राज्याच्या महसुलात शिल्लक राहत होती आणि त्यानंतर दरवर्षी तूटच येत गेली, हेही तीत होते. अर्थात २०२०-२१ हे साल करोनाच्या साथीचे होते, सर्वच राज्यांचा महसूल त्या वर्षी आटला होता, आणि नवे सरकार जुन्या सरकारचे माप काढताना पारडे थोडे आपल्याकडे झुकवणारच, हे सुज्ञ श्रोत्यांना सांगणे न लगे. तथापि आकडे एकदा छापले की ते छापणाऱ्यालाही बांधतात. पुढल्या वर्षी त्याच मापाने त्याचेही माप निघते. आमच्या मते त्या पत्रिकेचा खरा गुण हा आहे.

महसुली तूट म्हणजे काय, हे आपल्या घरच्या भाषेत सांगावयाचे तर असे : घर बांधण्यासाठी कर्ज काढले तर घर उभे राहते, पण किराणा भरण्यासाठी, मुलांच्या फीसाठी आणि जुन्या कर्जाच्या व्याजासाठी दरमहा नवे कर्ज काढावे लागत असेल, तर त्या घराचा कर्ता झोपेत नाही, बेशुद्धीत आहे. ६१ हजार कोटींचा अर्थ एवढाच होता की, वेतन, निवृत्तिवेतन, व्याज आणि सवलती भागविण्यासाठीच राज्य उसनवारी करीत होते.

त्याच पत्रिकेत आणखी दोन आकडे होते. आजच्या व्याख्यानातून इतर सर्व विसरलात तरी चालेल, पण हे दोन लक्षात ठेवा. सरकारी बस एक किलोमीटर धावली की ५९ रुपये १५ पैसे तोटा. आणि वीज महामंडळाने एक युनिट वीज दिली की २ रुपये ३६ पैसे तोटा. कोणत्याही कंपनीच्या संचालक मंडळापुढे असा हिशेब आला असता, तर निर्णयास पाच मिनिटे पुरली असती. तोट्याचे मार्ग बंद, जुन्या गाड्या भंगारात, कामगारांना हिशेब. वित्तव्यवसायातील आमचे मित्र मान डोलावीत आहेत, हे आम्हांला येथून दिसते आहे.

पण काय घडले पाहा. याच सरकारने सत्तेवर येताच, मे २०२१ मध्येच, साध्या शहरी बसगाड्यांतून स्त्रियांना विनामूल्य प्रवास सुरू केला. म्हणजे जेथे किलोमीटरमागे ५९ रुपये बुडत होते, तेथे भाडेच सोडून दिले! वरकरणी हा वेडेपणा दिसतो. आता दुसरी बाजू. या प्रवासामुळे एका स्त्रीची महिन्याकाठी सरासरी आठशे रुपयांहून अधिक बचत होते, असे राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत आढळले. घरकाम करणारी बाई दोन मैल अंतरावरचे आणखी एक काम धरू शकते. भाजीवाली दूरच्या मंडईत जाऊ शकते. मुलगी गावाबाहेरच्या महाविद्यालयात नाव घालू शकते. हा नफा बसच्या खात्यात जमा होत नाही. तो कोट्यवधी घरांच्या डब्यांतून साठतो, आणि राज्याच्या वहीत त्याला रकाना नाही.

कंपनीचे वित्त आणि राज्याचे वित्त यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कंपनी आपले गिऱ्हाईक निवडते. राज्याला जो जन्मला तो नागरिक पत्करावा लागतो. कंपनीस तोट्याचा धंदा विकता येतो. राज्याला धर्मपुरीचा दुष्काळी तालुका विकता येत नाही. कंपनीचा भागधारक जितके भाग तितकी मते देतो. राज्यात गिरणीमालकाला एक मत आणि गिरणीच्या झाडूवाल्यालाही एकच. कंपनीच्या कर्जास बाजार हाच पंच. राज्यास मात्र केंद्राचे देणे असेल तोवर संविधानाच्या २९३व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्जही उभारता येत नाही. हे भेद ज्याला उमजले नाहीत, तो वित्तज्ञ राजकारणात येऊन फार तर दोन वर्षे रुसून बसतो आणि मग परत जातो.

तर मग वित्तव्यवसायातील शहाणपणाचा उपयोग शून्य काय? तसेही नाही. त्याचा उपयोग होतो तो दान योग्य पदरात पडते की नाही, हे पाहण्यासाठी. सहकारी संस्थांतून चाळीस ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांवर घेतलेली कर्जे माफ करण्याचे आश्वासन निवडणुकीत दिले गेले होते. प्रत्यक्ष माफीपूर्वी कर्जदारांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा सुमारे ४८ लाख कर्जांपैकी ३५ लाखांहून अधिक कर्जे निकषात बसत नाहीत, असे सरकारने जाहीर केले. ही छाननी सहकार खात्याची होती. परंतु माहितीच्या आधारे कारभार हा आग्रह अर्थमंत्री सतत धरीत होते, त्याच्याशी ती सुसंगत होती. ज्यांची माफी हुकली ते रागावले, हे ओघानेच आले. मात्र सोन्याच्या व्यवहारात मुरलेल्या आमच्या गलाईवाल्या बंधूंना विचारा. कस लावल्यावाचून सोने घेऊ नये, हे ते सांगतील. सवलतीलाही कस लावावा लागतो.

१३ ऑगस्ट २०२१ रोजी त्यागराजन यांनी सुधारित अर्थसंकल्प मांडला. तामिळनाडूचा तो पहिला कागदविरहित अर्थसंकल्प. त्यात पेट्रोलवरील राज्याचा कर लिटरमागे ३ रुपयांनी कमी केला आणि त्यापायी वर्षास १,१६० कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हेही तेथेच सांगून टाकले. सवलत जाहीर करताना तिची किंमतही त्याच श्वासात सांगणे, ही हिशेबनीसाची सवय. आपल्या देशातील सर्व पक्षांच्या मंत्र्यांनी ती उचलावी, असे आम्हांस फार वाटते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांनी २०२२-२३ ची महसुली तूट सुमारे ३० हजार कोटींवर आल्याचे सुधारित अंदाजात दाखविले. अंतिम हिशेबात ती ३६ हजार कोटींच्या घरात गेली. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या ६१ हजारांशी ताडता फरक ठळक आहे. करोनानंतर सर्वत्र महसूल सावरला, त्याचा वाटा यात आहे; शिस्तीचाही आहे. कोणाचा किती, याची वाटणी अर्थशास्त्रज्ञांनी करावी.

त्यांच्या स्वभावाचा दुसरा पैलूही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. मे २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत त्यांनी ‘एक राज्य, एक मत’ या पद्धतीवर टीका केली. मोठ्या लोकसंख्येच्या आणि मोठ्या उत्पादनाच्या राज्याला लहान राज्याइतकेच वजन का, असा त्यांचा सवाल. त्यावरून गोव्याच्या प्रतिनिधीशी त्यांचा जाहीर खटका उडाला. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड भासते. पण गोव्याच्या माणसाच्या जागी बसून पाहा. संघराज्यात लहान राज्य आपला स्वाभिमान घेऊन येते, आणि तो उत्पादनाच्या टक्केवारीत मोजता येत नाही. गोवेकर आणि तामिळनाडूत राहणारे मराठी, अशा दोन्ही टोप्या ज्यांच्या डोक्यावर आहेत असे सभासद आपल्या मंडळातही असतील; त्यांना ही ओढाताण अधिक कळेल. सभेतील वादात जिंकणे आणि सभा जिंकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वित्तव्यवसाय पहिली शिकवितो, राजकारण दुसरी.

मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाचे खातेपालट झाले आणि त्यागराजन यांच्याकडील अर्थखाते जाऊन माहिती-तंत्रज्ञान खाते आले. त्याची कारणे काय, यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. आपण त्यात शिरू नये. आपल्याला घ्यावयाचा बोध निराळा आहे. कंपनीत तूट निम्म्यावर आणणाऱ्या अधिकाऱ्याला बढती आणि बोनस मिळतो. मंत्रिमंडळात खाते हे मुख्यमंत्र्यांच्या इच्छेवर असते, आणि ती इच्छा पक्ष, प्रदेश, जात, निष्ठा आणि निवडणूक अशा पाच-पंचवीस गोष्टी तोलून ठरते. ज्याला हे सोसवेल त्यानेच या वाटेला यावे. खाते बदलले तरी ते मंत्रिमंडळात राहिले आणि दिलेले काम करू लागले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पदव्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आता थोडे मागे जाऊ. कारण ही वाट सर्वस्वी नवी नाही, आणि तिच्यावर मराठी पावले आधीच उमटलेली आहेत. तंजावरच्या मराठी परंपरेतील, १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा त्या संस्थानची तिजोरी रिकामी होती. त्यांनी मिरी-तंबाखूचे सरकारी मक्ते मोडले, जकाती उतरविल्या, संस्थानचे कर्ज फेडले. पुढे इंदूर आणि बडोदे येथेही त्यांनी दिवाणगिरी केली. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. पुतळा कोणाचा, हे पुष्कळांना ठाऊकही नसेल. परंतु माधवरावांना मते मागावी लागली नव्हती. त्यांचा धनी एक, महाराजा. आजच्या अर्थमंत्र्याचे धनी कोट्यवधी आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला वाटते की, आपलाच हिशेब राहिला.

मद्रासचे उद्योजक टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९२८ साली व्यापारी पेढी काढली, ती नावारूपास आणली आणि १९३७ साली मद्रास विधानसभेत प्रवेश केला. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यानंतर त्या खुर्चीवर कृष्णम्माचारीच बसले. सुमारे दीड वर्षाने, फेब्रुवारी १९५८ मध्ये, मुंध्रा प्रकरणात त्यांनाही ती सोडावी लागली. आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे भाग घेतले होते. चौकशी करणारे न्यायमूर्ती छागला यांचा निष्कर्ष असा होता की, सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते. उद्योगात वाढलेल्या मनुष्याला हे किती जड गेले असेल! कंपनीत चूक ज्याची त्याच्या माथी मारता येते. लोकशाहीत हाताखालच्याची चूकही मंत्र्याच्या पदरी पडते.

आणि चिंतामणराव? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्यात येणार, असे दिसताच त्यांनी पद सोडले. त्या त्यागाचा लाभ-हानीचा तक्ता कोणी मांडू शकेल काय? आकड्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यानेच दाखवून दिले की, काही गोष्टी आकड्यांच्या पलीकडच्या असतात आणि त्या कोणत्या, हे ओळखण्यालाच राजकारण म्हणावे.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला : त्यागराजन यांच्या पाठीशी घराणे होते, सामान्य नोकरदाराच्या मुलाला उमेदवारी कोण देतो? हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आजोबांचे नाव मदुराईत चालत होते म्हणून नातवाला दार उघडले गेले. पण दाराच्या आत गेल्यावर मताधिक्य पावणेसहा हजारांचे चौतीस हजारांवर गेले, ते केवळ आजोबांच्या पुण्याईवर, असेही म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, वित्तसंस्थांतून आलेला मनुष्य मनाने त्यांचाच राहील आणि राज्याच्या कर्जरोख्यांत जुन्या मित्रांचे हित पाहील. ही भीती जगभर आहे. तिला उत्तर एकच, उघड्या वह्या. संविधानाने महालेखापाल नेमला आहे, अर्थसंकल्प सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन घातले आहे. पण महालेखापालाचा अहवाल वाचणारा कोणी हवा ना? आपल्यापैकी कितीजण कंपनीचा वार्षिक अहवाल तळटिपांसकट वाचतात! त्यांतील किती जणांनी आपण राहतो त्या राज्याचा अर्थसंकल्प एकदा तरी चाळला आहे?

येथे आम्ही आमच्या मूळ प्रयोजनाशी येतो. परप्रांतात राहणारा मराठी माणूस स्वतःस पाहुणा समजतो. कर येथे भरतो, पाणी येथले पितो, मुले येथे शिकवितो, आणि राजकारणाच्या गप्पा मात्र पुण्या-साताऱ्याच्या मारतो. पुष्कळांचे नाव अजून गावाकडच्या मतदारयादीत असते. मतदानाला जाणे होत नाही आणि येथे नाव घालणे राहून जाते. कायदा तर स्पष्ट आहे : मतदार म्हणून नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, आणि तेही जेथे आपले नित्याचे वास्तव्य असेल तेथे. विधानसभेला उभे राहावयाचे तर त्या राज्यातील कोणत्यातरी मतदारसंघाच्या यादीत नाव असावेच लागते. म्हणजे ज्याचे नाव येथल्या यादीत नाही, त्याने येथल्या कारभाराविषयी कुरकुर करण्याचा हक्क आपल्या हाताने सोडलेला आहे.

आम्ही कोणास लगेच विधानसभेला उभे राहा, असे सांगत नाही. पण पायऱ्या आहेत. पहिली पायरी मतदारयादी. दुसरी, तमिळ भाषा, केवळ भाजी घेण्यापुरती नव्हे, तर नगरपालिकेचे पत्रक वाचता यावे इतकी. तिसरी, आपल्या प्रभागाचा जमाखर्च. या सभागृहात जमलेल्या हिशेबनीसांनी वर्षातून दोन रविवार एकत्र बसून प्रभागाचे अंदाजपत्रक वाचले आणि शेजारच्या तमिळ बंधूंना समजावून सांगितले, तर मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस नवे काम मिळेल. गणेशोत्सव आपण करतोच. तोही मुळात लोकांनी एकत्र येऊन सार्वजनिक गोष्टींचा विचार करावा यासाठी सार्वजनिक झाला, याचा विसर पडू नये.

आपली मुले आज सिंगापुरात, न्यूयॉर्कात, लंडनमध्ये मोठमोठ्या वित्तसंस्थांत आहेत. त्यांचे पगार सांगताना आपला ऊर भरून येतो, आणि तो यावा. पण त्यांतील एखाद्याने चाळिशी ओलांडल्यावर घरी पत्र लिहिले की, “बाबा, नोकरी सोडतो आहे, आपल्या गावी येऊन लोकांत काम करणार आहे”, तर आपण काय म्हणू? बहुतेक घरांत त्या दिवशी चूल पेटणार नाही. मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला, असेच सर्व म्हणतील. राजकारण घाणेरडे आहे, असे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो आणि मग ते स्वच्छ माणसांच्या हाती का नाही, म्हणून हळहळतो. ज्या वहीत आपण जमेला काही टाकले नाही, त्या वहीत शिल्लक कोठून दिसणार?

त्यागराजन यांच्या उदाहरणातून सर्वांनीच तसे करावे, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. एवढेच म्हणतो की, कंपनीत शिकलेला काटेकोरपणा राज्याला हवा आहे, तो येण्याची वाट लांब आणि काट्यांची आहे, आणि त्या वाटेवर निघालेल्याला घरच्यांचा आणि समाजाचा हात लागतो. तसा हात देण्याची तयारी या मंडळाने ठेवावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणीच्या चार आण्यांचाही हिशेब ठेवून हे मंडळ उभे केले, त्या संस्थापकांना आमचे विनम्र अभिवादन. त्यांनी चोख हिशेब आणि लोकसंग्रह या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या. तेच काम मोठ्या प्रमाणावर केले की त्याला राज्यकारभार म्हणतात.  मंडळाची शताब्दी होईल तेव्हा या व्यासपीठावर आपल्यापैकीच कोणाचा नातू अगर नात, याच राज्याचा अर्थसंकल्प सोप्या मराठीत आणि अस्खलित तमिळमध्ये समजावून सांगत असो, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.